पंपाची सुई रेघेवर राहत नाही

ढिलं.

गाडीचा डिझेल-पंप दुरुस्तीहून आला, इंजिनावर बसला, पण डिझेल नेमकं कधी सोडायचं हे त्याला अजून शिकवायचं आहे. नट ढिले करा, अख्खा पंप केसभर फिरवा, पंपाला माप घ्यायला लावलेल्या डायलची सुई रेघेवर आणा, आवळा. बस्स. दुपारभराचं काम, असं बाबा म्हणाला होता. गुरुवारी. आज शनिवार.

त्याचा मूस हरणाच्या शिकारीचा परवाना उद्या संपतो. परवाने सोडतीने मिळतात; त्याचं नाव निघेपर्यंत माझं लग्न झालं, मोडलं, त्याचा गुडघाही गेला. आणि त्याला नेमून दिलेल्या डोंगरावर फक्त आमची ही जपानहून आलेली, उजव्या स्टिअरिंगची म्हातारी गाडीच चढते. चढायची.

घट्ट.

काल गारठलेल्या कोठारात सुई अचूक लावली, गाडी तापवून चढावर नेली. पांढरा धूर. दुसऱ्या गिअरलाही धाप. मागून ओंडक्यांचा ट्रक आला, तो आता ढकलतच नेतो की काय असं वाटलं.

"मर्ना, पाय दाब."

"बाबा, पाय पत्र्याला टेकलाय."

ढिलं.

आज सकाळी डायल लावला तर सुई भलतीकडेच.

"तू नट नीट आवळले नव्हतेस."

"मी? तुझ्या जन्माआधीपासून आवळतोय."

पुन्हा रेघेवर आणली. तो कॉफी घेऊन आला, तोवर परत सरकलेली.

"तू जोरात श्वास घेतलास," तो म्हणाला.

"मग मरू का?"

"शिकार झाल्यावर."

मी पाना खाली ठेवला आणि नुसती बघत बसले. कोणी कशाला हात लावत नव्हतं. तरी सुई आपोआप सरकत चालली होती. पंपाला हात लावला तर कोमट. बंपरमधून लोंबणारी वायर पाहिली. भिंतीच्या प्लगात.

"इंजिन गरम ठेवायची वायर कोणी लावली?"

"मीच. रात्री लावली. सकाळी तू काढलीस, म्हणून कॉफीला जाताना परत लावली. नोव्हेंबर आहे, पोरी."

"माप चालू असताना?"

"गाडी उभी दिसली की हात जातो. सगळ्यांचाच जातो."

पंपाच्या अंगाला मेणाची एक कुपी असते. गारठ्यात मेण आक्रसतं, कुपीचा दांडा सुटतो आणि डिझेल मुद्दाम लवकर सुटतं, म्हणजे इंजिन पटकन पेटावं. तापलं की मेण फुगतं, दांडा मागे. काल आम्ही गारठलेलं मेण मापलं, म्हणून चढावर तापल्यावर डिझेल उशिरा सुटत होतं; आज अर्धवट तापलेलं मापलं. पंप बिचारा जागेवरच होता.

मी दांडा मागे ओढून त्यात लाकडाची पाचर घातली. आता मेणाने काहीही करावं. सुई रेघेवर आणली. राहिली.

घट्ट.

पाचर काढली, निघालो. चढ तिसऱ्या गिअरमध्ये. धूर नाही.

"दुसऱ्यात टाक, इंजिन जाळशील."

"बाबा, गप्प बस."

माथ्यावर अजून उजेड होता. त्याने बंदूक घेतली. "तू गाडीतच थांब. तुझा आवाज फार."

मी इंजिन बंद केलं. तो लंगडत झाडीत शिरला, जरा पुढे गेला, आणि त्याला डोंगरभर घुमणारी खोकल्याची उबळ आली. थांबेचना.