गॅरेजमधली वाट

"हात वर करा, बाई," शकुबाई म्हणाली, आणि समोरचा चेहरा पाहून तिचे स्वतःचेच हात खाली आले.

गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास कोंदला होता. दाराला पडदा म्हणून जुनी सतरंजी टांगली होती आणि तिच्या आत उभ्या होत्या आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या नर्मदाबाई. उन्हातून आल्यामुळे त्यांना आधी काही दिसलंच नाही. मग दिसलं, तेव्हा त्याही थबकल्या.

"शकु? तू इथे काय करून राहिली आहेस? जेल सोडली का?"

"कुठची सोडली जी. जेलमधूनच धाडते मले, दर रविवारी. पोलिसात बाईमाणूस नाही ना, मंग बायकांची झडती कोण घेईन?"

शकुबाई जबलपूरच्या जेलमध्ये बायकांच्या बराकीवर वॉर्डर होती. नवरा त्याच जेलमध्ये शिपाई होता. तो वारल्यावर साहेबाने दया येऊन तिला ही नोकरी दिली. बेचाळीस साली नर्मदाबाई झेंडा घेऊन पकडल्या गेल्या, तेव्हा फाटकाशी त्यांची झडती शकुबाईनेच घेतली होती. नर्मदाबाईंनी तेव्हा तिचा हात झिडकारला होता आणि "इंग्रजाची चाकर" असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. पुढे बराकीत नर्मदाबाईंना टायफॉइड झाला आणि त्या चाकरीणबाईनेच रात्री-रात्री बसून त्यांना पाणी पाजलं. तेव्हापासून दोघींत एक नातं होतं, त्याला नाव कोणीच दिलं नव्हतं.

आता राज्य आपलं आलं होतं. नर्मदाबाईंच्याच वेळी पुरुषांच्या बाजूला कैदेत असलेले भय्यासाहेब आता नागपूरला मंत्री होते आणि रविवारी जबलपूरच्या आपल्या बंगल्यावर लोकांना भेटत होते.

खरं बोलायचं तर, अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत दिल्लीला प्रार्थनासभेत जे घडलं, त्यानंतर पुढाऱ्यांना जपायला हवं हे कोणीही मान्य करील. नमस्काराला वाकणाऱ्याच्या हातात काय असेल हे सांगता येईनासं झालं होतं. पण भय्यासाहेबांना पहाराही हवा होता आणि पहारा दिसायलाही नको होता. "माझ्या आणि जनतेच्या मध्ये शिपाई उभा राहणार नाही," असं ते भाषणात म्हणाले आणि टाळ्या घेऊन गेले. निस्तरायचं राहिलं ते खुफिया म्हणजे गुप्तचर खात्याच्या रामराव इन्स्पेक्टरांकडे. त्यांनी साप मरावा आणि काठीही मोडू नये अशी तोड काढली. बंगल्याचं पुढचं फाटक सताड उघडं ठेवायचं. तिथे वर्दीतला एकही माणूस नको. पायी येणाऱ्याला मात्र बाजूने गॅरेजकडे वळवायचं, तिथे चाचपायचं आणि मागच्या दाराने हिरवळीवर सोडायचं. फोटोत दिसावं की जनता थेट आत आली.

मोटारीने येणाऱ्यांना कोणी वळवत नसे. मोटारीत बसलेल्या माणसाला जनतेत मोजत नसावेत.

"घे झडती," नर्मदाबाई म्हणाल्या. "तुला तरी काय म्हणू. पण लवकर कर. माझा नंबर जाईल."

"काय काम काढलं, ताई?"

"दिल्लीच्या प्रकरणानंतरच्या धरपकडीत शरच्चंद्राला नेलं ना गं. व्यायामशाळेत पोरांना लेझीम शिकवत होता, तिथून उचललं. ना गुन्हा सांगतात, ना खटला भरतात. भय्यासाहेबांना एक शब्द टाकायचा आहे. आमच्या घरी माझ्या हातची भाकरी खाल्ली आहे त्यांनी, ऐकतील."

शरच्चंद्र नर्मदाबाईंचा एकुलता एक. वडील विष्णुपंत केव्हाच गेलेले. शकुबाईने मान हलवली आणि खाली पाहत हात फिरवला. कंबरेशी खोचलेली सुपारीची पिशवी हाताला लागली. आत अडकित्ता होता.

"हा ठेवून जा लागते, ताई."

"अगं, सुपारी कातरायचा तो. त्यानं कोणाचा जीव घेणार आहे मी?"

"मले माहीत आहे जी. हुकमाले माहीत नाही."

नर्मदाबाईंनी अडकित्ता काढून तिच्या हातात ठेवला. पण ज्यांच्यासाठी जेल भोगली त्यांच्याच दारात जेलचीच बाई आपल्याला चाचपते आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर आलं, आणि ते शकुबाईने पाहिलं. तिला त्या अडकित्त्याचीही लाज वाटली आणि स्वतःच्या हातांचीही.

ती त्यांच्यामागे हिरवळीवर आली. ताईंचं काम होतं की नाही, एवढंच तिला पाहायचं होतं.

लोक दोरीमागे उभे होते. व्हरांड्यात भय्यासाहेब, शेजारी फोटोवाला. पनागरचे शेतकरी कालव्याच्या पाण्याचं सांगत होते. त्यांच्यानंतर नर्मदाबाई. एवढ्यात उघड्या फाटकातून एक काळी मोटार आली आणि थेट पायऱ्यांशी थांबली. रायसाहेब उतरले. हे शहरातले मोठे ठेकेदार. महायुद्धात इंग्रज सरकारला वर्गणी गोळा करून देऊन त्यांनी 'रायसाहेब' ही पदवी मिळवली होती. नर्मदाबाई जेलमध्ये तापाने फणफणत होत्या, तेव्हा हे कमिशनरसाहेबांना चहापार्ट्या देत होते. आता खादीचा कोट आला होता, बाकी माणूस तोच. दोरीबिरी त्यांना दिसलीच नाही. ते तडक वर गेले, भय्यासाहेबांच्या पायांशी वाकले, आणि कोटाच्या खिशातून एक पिस्तूल खणकन फरशीवर पडलं.

कोणीतरी ओरडलं. साध्या कपड्यांतले शिपाई झाडांमागून धावले, आणि धावले ते दोरीकडे. पिस्तूल वर व्हरांड्यात, लाठ्या खाली लोकांवर. पनागरचा एक म्हातारा आडवा पडला. नर्मदाबाईंना असा धक्का बसला की कोपर सोलून रक्त आलं.

"अरे भाई, लायसन्सवाला है," रायसाहेब वरून हसत म्हणाले. "घबराने की बात नहीं."

भय्यासाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. पण तेही हसले. वाकून त्यांनी स्वतःच्या हाताने पिस्तूल उचललं आणि रायसाहेबांना दिलं. "सँभालके रखा करो, रायसाहब." व्हरांड्यातले सगळे हसले. फोटोवाल्याने तो फोटो काढला नाही.

रामराव मात्र पायऱ्या उतरून लोकांवर आले. कोणावर तरी चिडायला हवंच होतं. "सगळ्यांची पुन्हा झडती. शकुबाई, बायकांना घे आत. लुगडी सोडवून बघ या खेपेला."

"कोणाची, साहेब?"

"ऐकू नाही आलं?"

"आलं जी. पन पिस्तूल तं त्यांच्या खिशातून पडलं. त्यांची झडती कोण घेऊन राहिलं?"

व्हरांड्यातली माणसं वळून पाहू लागली. रामराव दातओठ खात हळू म्हणाले, "तुझं काम बायकांचं आहे."

"तेच सांगून राहिली. बायका मी एकदा पाहिल्या. माझ्या हातावर भरोसा नसंल तं दुसरे हात आणा. मी आता कोणाले हात लावत नाही."

नोकरी जाणार हे तिला बोलतानाच कळत होतं. घरात दुसरं मिळवतं कोणी नव्हतं. तरी ती बोलली, आणि चांगलं केलं, असं मी आजही म्हणतो.

तेवढ्यात नर्मदाबाई दोरीखालून पुढे झाल्या. "भय्यासाहेब, मी विष्णुपंतांची नर्मदा. माझा शरच्चंद्र तुमच्या जेलमध्ये आहे. खटला तरी भरा त्याच्यावर. नाहीतर सोडा."

भय्यासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, देव जाणे. "जेल माझी नाही, ताई, कायद्याची आहे. अर्ज देऊन ठेवा."

"दिला आहे."

"मग विचार चालूच असेल." त्यांनी हात जोडले. तेवढ्यात फोटो निघाला.

तोच फोटो पेपरात छापून आला. उघडं फाटक, दोरीमागची माणसं, हात जोडलेले मंत्री. त्याच आठवड्यात सुरक्षेच्या कारणावरून रविवारच्या भेटी बंद झाल्या. फाटकाला कुलूप लागलं आणि मोटारींसाठी तेवढं उघडू लागलं. रायसाहेबांची काळी मोटार आम्ही कित्येकदा आत जाताना पाहिली. शकुबाईला हुकूम मोडल्याबद्दल काढून टाकलं. तिचा पट्टा आणि निळ्या काठाचं पातळ जमा करून घेतलं. गल्लीतले शहाणे म्हणाले, काय मिळालं हिला? यांची मंत्र्याला विचारायची छाती झाली नाही, ते एका विधवेला विचारत होते.

शरच्चंद्र सुटला नाही. पावसाळ्यात कधीतरी त्याच्या भेटीची परवानगी आली, तेव्हा नर्मदाबाईंनी शकुबाईला बरोबर घेतलं. फाटकावर नथ्थू शिपाई होता. शकुबाईबरोबर त्याने वर्षानुवर्षं चहा प्यायला होता.

"फक्त जवळचे नातेवाईक, माताजी," तो नर्मदाबाईंना म्हणाला. शकुबाईकडे त्याने पाहिलंच नाही. "ह्या कोण लागतात?"

"माझी धाकटी बहीण."

नथ्थूने काही न विचारता फाटकातली छोटी दिंडी उघडली.

झडतीच्या खोलीत आता अंजनी होती. तिला हे काम शकुबाईनेच शिकवलेलं. नर्मदाबाईंची झडती तिने पटकन उरकली आणि मग ती हात मागे घेऊन भिंतीला टेकली.

"दीदी, तुमाले काय पाहू मी? जा आत."

"काहून? मी आता बाहेरची बाई आहे. दरोगा आला तं तुझी नोकरी जाईन."

शकुबाईने पदर नीट केला आणि हात वर धरून ती उभी राहिली. अंजनीने खांद्यांना बोटं लावल्यासारखं केलं, डोळे पुसले आणि ती बाजूला झाली.

शकुबाईने हात खाली घेतले नाहीत.

"अंजनी," ती म्हणाली, "कंबर पाहाची राहिली."