सहा वीसच्या गाडीचा डबा

काटकसरीत गोदावरीबाईंचा हात धरणारं अख्ख्या अहमदपुरात कोणी नव्हतं, आणि हे लोकांना सांगायचंही त्यांनी कधी बाकी ठेवलं नव्हतं. नवरा रेणुकादास विनाअनुदानित शाळेत मास्तर. अनुदान आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली. संस्था हातावर ठेवायची त्यात महिन्याचा किराणासुद्धा भागत नसे. घर चाललं ते गोदावरीबाईंच्या फॉल-पिकोच्या मशीनवर. नवऱ्याच्या जुन्या पँटींची त्यांनी पोरांची दप्तरं शिवली, पण पोरांना एक दिवस उपाशी झोपू दिलं नाही. बाई बढाया मारायच्या, पण बढाया खऱ्या होत्या.

सगळ्यांत मोठी बढाई डब्याची. लेक देविका अकरावी-बारावीला लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होती. क्लासची फी गळ्यातलं मोडून भरली, खोलीचं भाडं कसंबसं जमलं; मेसचे महिना तीन हजार मात्र कुठूनच निघेनात. तेव्हा गोदावरीबाईंना धोंडप्पा आठवला. धोंडप्पा त्यांच्याच गल्लीतला, एसटीचा ड्रायव्हर. त्याची सहा वीसची गाडी लातूरवरून पुढं सोलापूरला जायची. बाई चारला उठून दोन वेळचा डबा करायच्या, कापडी पिशवीत बांधून स्टँडवर न्यायच्या आणि धोंडप्पा तो आपल्या सीटमागं ठेवायचा. एक रुपया घेत नसे.

"पोरगी शिकायलीय वहिनी," तो म्हणायचा, "माझ्या डोस्क्यावर घिऊन जायचंय व्हय?"

दोन वर्षं एक दिवस खाडा नाही. देविका लातूरच्या स्टँडवर उभी असायची, डबा घ्यायची, कालचा रिकामा डबा द्यायची.

आणि एवढं करून निकालात सरकारी कॉलेजाला अकरा मार्क कमी पडले. बाकी विषय बरे होते, फिजिक्सनं घात केला. गोदावरीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चार शेजारणींसमोर त्या बोलल्या, "आम्ही इथं पोटाला चिमटे काढून डबे पाठवले, अन् तू फिजिक्सलाच अंग चोरलंस!" रात्री देविकानं एवढंच विचारलं, "आई, अजून एक वर्ष बसू का?" बाई म्हणाल्या, "आता न्हाई. गंधार हाय अजून मागं."

देविका नांदेडला गेली, लॅबचा कोर्स केला, आणि आता तिथंच विष्णुपुरीला खोली घेऊन एका लॅबमध्ये रक्त तपासते. दर रविवारी फोन करते, पप्पांच्या गोळ्यांची चौकशी करते आणि ठेवते. पूर्वी ही पोरगी फोनवर तासभर बडबडायची. गोदावरीबाई म्हणायच्या, कामाचा ताण असेल.

यंदा धाकटा गंधार दहावी झाला. रेणुकादासांच्या शाळेला थोडंफार अनुदानही सुरू झालं होतं, पण हाताची सवय सुटते होय? बाईंनी माळ्यावरून तोच चार पुडांचा डबा काढला, घासून लख्ख केला आणि धोंडप्पाला विचारून आल्या. गाडी तीच, वेळ तीच. मग गंधारला घेऊन त्याच क्लासला लातूरला गेल्या.

फॉर्म भरताना त्यांचं लक्ष भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे गेलं. पहिला तास, फिजिक्स, आठ ते साडेनऊ.

"वेळ यंदा बदलली का हो?" त्यांनी खिडकीतल्या बाईला विचारलं.

"न्हाई मावशी, पहिल्यापासून हीच हाय. मोठे सर स्वतः घेतात. आठ पाचला दार लावलं की मग कोणी का येईना, उघडत न्हाईत."

धोंडप्पाची गाडी लातूरला आठला लागायची. दहा मिनिटं थांबून निघून जायची. स्टँडपासून क्लास पायी पंचवीस मिनिटं. आत्ताच तर त्या चालत आल्या होत्या. गोदावरीबाईंना हिशेब करायला बोटं लागत नसत. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि गंधारला घेऊन नांदेडची गाडी धरली. त्याला अहमदपूरला उतरवलं आणि स्वतः तशाच पुढं गेल्या.

वाटेत त्यांनी स्वतःला सोडवायची फार खटपट केली. गाडी कधी लवकर येत असेल. डबा एखादी मैत्रीण घेत असेल. पण रिकामा डबा परत आणला की धोंडप्पा रोज सांगायचा, "पोरगी आली हुती, बरी हाय." रोज. नांदेड येईपर्यंत बाईंना सुटका सापडली नाही.

देविका नुकतीच लॅबमधून आली होती. आईला दारात बघून घाबरली. "पप्पा बरे आहेत ना?"

"बरे हायत." गोदावरीबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "फिजिक्सचा तास आठला असायचा?"

देविकानं पाण्याचा तांब्या आईच्या हातात दिला. "बस आधी."

"दोन वर्षं तू त्या तासाला बसलीच न्हाईस?"

"रविवारी दुपारी उजळणी असायची. तेव्हा बसायचे. बाकी मैत्रिणींच्या वह्या उतरवून घ्यायचे."

"अन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस?" बाईंचा आवाज चढला. खरं तर त्यांना रडायचं होतं, पण त्यांना आधी चिडताच यायचं.

देविका शांतपणे म्हणाली, "सांगितलं होतं आई. पहिल्याच आठवड्यात. नऊच्या काळीपिवळी जीपनं डबा पाठव म्हणलं होतं. साडेदहाला मधली सुट्टी व्हायची."

आणि गोदावरीबाईंना सगळं जसंच्या तसं आठवलं. मशीनवर साडी होती, फोन खांद्यात धरलेला. काळीपिवळीवाला एका डब्याचे वीस रुपये घ्यायचा. त्या म्हणाल्या होत्या, "धोंडप्पा फुकट नेतोय, अन् तुला जीप पायजे? रोजचे वीस रुपये काय झाडाला लागतात? जरा स्टँडवर चालत गेलं म्हणून पाय झिजत न्हाईत." तासाचं कारण सांगायला पोरीनं तोंड उघडलं असेल, तोवर त्यांनी फोन ठेवला होता. नंतर पोरीनं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि त्यांनी आठ दिवस गल्लीत सांगितलं होतं की महिन्याचे सहाशे वाचवले.

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या असतील. "लई चुकलं. अजून बसता येईल का परीक्षेला? आता पैसे हायत थोडे."

"चार वर्षं झाली आई. आता न्हाई व्हायचं माझ्यानं." देविकानं आपला मेसचा डबा उघडला, दोन ताटल्यांत सारखा वाढला आणि एक आईपुढं सरकवली. "गंधारचा तास आठलाच आहे ना?"

"हाव."

"मग त्याला मेस लाव. पैसे मी पाठवत जाईन."

एरवी लेकीचे पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला असता. आज त्यांच्या तोंडून नाही निघेना. त्यांनी घास उचलला. पोळी गार होती. दोन वर्षं पोरीनं आपला डबा असाच गार खाल्ला असेल, आणि तो आणायला रोज त्या तासावर पाणी सोडलं असेल. गोदावरीबाई ताटावर मान घालून जेवत राहिल्या, आणि देविकानं न विचारता त्यांना अर्धी पोळी आणखी वाढली.