दोन्ही हात मुठीवर

अर्जुनाच्या तेराव्याला बुवांनी प्रवचनात सांगितलं, की जीव गेला तेव्हा त्याचा उजवा हात छातीशी होता. बिरोबाला नमस्कार करता करता गेला, असं मरण भाग्यवंताला येतं. मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून रडल्या. अर्जुनाची बायको समीक्षा मात्र बुवांच्या पुढ्यातल्या तांब्याकडे बघत बसली होती. तांब्यातलं पाणी संपलं असेल का, भरून आणावं का, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

बुवा खोटं बोलले नव्हते. अर्जुना आष्ट्याच्या बाजूला एका दूध संघात पर्यवेक्षक होता. मोटारसायकलवरून गावोगावची संकलन केंद्रं तपासायची, हे त्याचं काम. वाटेत बिरोबाचं देऊळ लागलं, की उजवा हात मुठीवरून सुटायचा, छातीला लागायचा, मग ओठांना. घरात सगळ्यांचीच ही सवय. आटपाडीकडून मेंढरांमागं हिंडत आलेलं घराणं, आणि बिरोबा कुलदैवत. त्या संध्याकाळी हात छातीला लागला आणि त्याच वेळी पुढचं चाक ट्रॉलीतून सांडलेल्या उसावर गेलं. पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. हात तिथं नव्हता.

संघाने त्याच्या जागी समीक्षाला घ्यायचं कबूल केलं. अट एकच. पाडव्याच्या आत गिअरच्या गाडीचं पक्कं लायसन्स पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. घरात सासू-सासरे आणि ती. मिळवतं कुणी उरलं नव्हतं. तिने शिकाऊ लायसन्स काढलं आणि सासरे नानासो तिला घरामागच्या मैदानात शिकवायला लागले. गाडी तीच होती. हँडल सरळ करून आणलेलं, उजवा आरसा नवा.

नानासोंचं सारं आयुष्य सप्ताहात टाळकरी म्हणून गेलेलं. शिकवणंही तसंच.

"क्लच कसा सोडायचा? वीणेकरी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देतो का न्हाई, तसा. धसकन न्हाई. त्यानं धरली का बघायचं, मग आपला हात काढायचा."

"आन् ब्रेक, मामा?"

"दोन्ही संगंच. फुडचा हळूहळू दाबत न्यायचा. वाळू दिसली, उसाचा पाला दिसला, की आदीच येग कमी. त्याच्यावर गेल्याव ब्रेक न्हाई, वळणं न्हाई. आन् ट्रॉलीच्या मागं हाईस, तर तिनं खांब वलांडला की सावकास दोनदा 'रामकृष्णहरी' म्हण. दुसरं पुरं व्हायच्या आत खांब तुझ्याजवळ आला, तर लय चिकटलीयास."

समीक्षा ऐकायची आणि तसंच करायची. ओढणी पोटाशी गच्च बांधायची, हेल्मेटचा पट्टा लावून ओढून बघायची. गाडी दगडावरून उडाली तरी चेहरा हलायचा नाही. शेजारची रंगूबाई कुंपणाशी उभी राहून बघायची.

"आवं नानासो, सून हाय का सर्कशीतली बाई? जरा तरी घाबर की गं!"

"तू घाबर, तिच्या वाटणीचं," नानासो म्हणायचे. पण एकदा त्यांनी समीक्षाला विचारलंच. "भ्या वाटत न्हाई व्हय तुला?"

"न्हाई."

"कशाचंच?"

ती आत शोधून आल्यासारखी म्हणाली, "न्हाई, मामा. काईच वाटत न्हाई."

मन असं सुन्न होतं तेव्हा त्याला बोलून जागं करता येत नाही. माणसानं नुसतं जवळ बसावं. नानासो मागच्या सीटवर बसत राहिले.

मैदानावरची शिकवण संपल्यावर ते तिला रस्त्यावर घेऊन गेले. ती चालवत होती, नानासो मागं. ऊस दोन्ही बाजूंनी तुटलेला, रस्ता मोकळा. बिरोबाचं देऊळ आलं. समीक्षाचा उजवा हात मुठीवरून उठला आणि छातीकडे निघाला. गाडी डावीकडे झुकली.

"हात!" नानासो ओरडले.

तिने मूठ धरली, गाडी सरळ केली, कडेला घेऊन थांबवली. स्वर तसाच सपाट. "सवय, मामा. मला कळलंच न्हाई."

नानासो उतरले. बांधावर बसले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "परीक्षा न्हाई द्यायची तिनं."

धोंडुबाई भाकरी थापता थापता थांबली. "आवं, जागा जाईल की."

"जाऊंदे. एक गेला तेवढा बास झाला."

समीक्षा दारात उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "मामा, उद्या परत त्याच रस्त्यानं न्या मला. मागं तुमी बसा. हात सुटला तर परीक्षा ऱ्हाऊंदे."

दुसऱ्या दिवशी देवळाच्या अलीकडे नानासोंनी मागं बसल्या बसल्या हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "बिरोबा, पोरगी गाडी चालवतीया. तिचा नमस्कार मी घालतो. तिचे दोन्ही हात मुठीवरच ऱ्हाऊंदेत." मग फिरून परत. पुन्हा तोच नमस्कार. पुन्हा परत. असे इतके फेरे झाले, की देवळाचा पुजारी बाहेर येऊन कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आवं नानासो, देव काय पळून चाललाय व्हय? किती येळा?"

"तुला काय त्रास? नमस्कार फुकटच हाय!"

समीक्षाचा हात त्यातून एकदाच उचलला गेला. बोटं सुटली, आणि तिने त्यांच्याकडे बघून ती परत मिटली. त्यानंतर नाही.

परीक्षेचं शिबिर इस्लामपूरला होतं. आधी आठचा आकडा, मग रस्त्यावर शेवटपर्यंत जाऊन परत यायचं. मागं कुणी बसायचं नाही. आठचा आकडा तिने पाय न टेकता काढला. रस्त्याच्या शेवटाला शेंदूर फासलेल्या मारुतीचं छोटं देऊळ होतं. तिच्या पुढचा एक तरुण तिथं पोचला, हात कपाळाला लावला आणि हसत परत आला.

निरीक्षक म्हणाले, "मारुतीराया पास. तुम्ही पुढच्या वेळी या."

"साहेब, देव हाय म्हणून…"

"देवाने धरायचं होतं का हँडल? पुढचा कोण?"

समीक्षा निघाली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. नानासो लिंबाखाली उभे होते. हेल्मेटमुळे तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. देऊळ जवळ आलं. उजवा तळवा आतून खाजल्यासारखा झाला, करंगळी सुटली. मागं आज कुणीच नव्हतं. तिने करंगळी परत दाबली. देऊळ गेलं.

काही झालं नाही. मारुती रागावला नाही. रस्ता होता तसाच होता. तिने गाडी वळवली आणि परत येताना तिच्या मनात आलं, एवढंच होतं. करंगळीएवढं. अर्जुनाने एवढं केलं असतं तर आज संध्याकाळी तो घरी आला असता.

निरीक्षकांसमोर गाडी थांबली. "झालं बाई, पास. उतरा."

तिला मुठी सोडता येईनात. बोटं वळून बसली होती. नानासो लिंबाखालून धावत आले.

"मामा," ती म्हणाली, "मला लय भ्या वाटतंय."

नानासोंनी तिच्या हातांवर आपले हात ठेवले. "वाटूंदे," ते म्हणाले. "वाटूंदे पोरी."

निरीक्षक पुढच्या माणसाला हाक मारत होते आणि गाडी मधोमध उभी होती. म्हणून समीक्षा मुठी न सोडताच उतरली आणि दोघांनी ती तशीच, चारी हात हँडलवर ठेवून, ढकलत कडेला नेली.