एक नंबर, एक माणूस

नैरोबीच्या कंपनीत केरुबोने सहा वर्षं खेड्यांतल्या दवाखान्यांसाठी वेबसाइटची पानं बनवली. दर बुधवारी ती मटाटूत, तिथल्या वडापच्या गाडीत, बसून एखाद्या दवाखान्यात जायची आणि झाडाखालच्या बाकावरच्या बायकांत बसून कोण कुठे अडतं ते पाहायची. तिच्या वहीत पहिल्याच पानावर होतं: एक फोन, चार बायका. ज्या घरावर सोलर, त्याच घरचा फोन चार्ज असायचा, आणि शेजारणी त्याचाच नंबर देऊन मोकळ्या व्हायच्या. म्हणून तिने रुग्णांच्या नोंदणीत एका नंबरवर कितीही नावं बसतील अशी सोय ठेवली होती. तिचे साहेब मुटिसो हसायचे. झाडाखाली बसून सॉफ्टवेअर होत नसतं म्हणायचे.

मागून आलेले दोघं आर्किटेक्ट झाले, सगळ्या यंत्रणेचा आराखडा ठरवू लागले, आणि ही बटणांचे रंग बदलत राहिली. त्या जागेसाठीच्या मागच्या मुलाखतीत तिने त्या चार बायका मांडल्या, तर इतका गुंता कशाला म्हणून तिला नाकारलं. तिने कानाला खडा लावला. बुधवारचं जाणं बंद केलं.

पुन्हा जागा निघाली. या खेपेला तिचा आराखडा कसा लख्ख होता: एक नंबर, एक माणूस; त्याच नंबरवर नवं नाव आलं की जुनं पुसलं जाणार. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिने तो शेजारच्या टेबलावरच्या ओउकोला दाखवला.

"अगं, आणि तुझ्या त्या चार बायका?" त्याने विचारलं.

"अपवादासाठी कुणी अख्खं घर बांधत नाही."

"अपवाद? तूच तर मला शिकवलंस."

"तू अजून बाकावरच बसलायस, ओउको."

तो अपवाद नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माणसाला वर चढायचं असलं की ठाऊक असलेलंही गिळता येतं.

"आता कशी आर्किटेक्टसारखी बोललीस," मुलाखतीनंतर मुटिसो म्हणाले. जागा तिला मिळाली. किसी शहराजवळच्या गावात आईने कोंबडी कापली आणि चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटली.

तिच्या आराखड्याची नवी यंत्रणा सुरू होऊन चार महिने झाले असतील. गावाहून आईची शेजारीण मोरा हिचा फोन आला, आई पडली म्हणून. केरुबो पोचली तेव्हा आईचं तोंड एका बाजूला ओढलं होतं, उजवा हात उचलला जात नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिने मिळाल्याच नव्हत्या, मोराने सांगितलं. आईने मोराचाच नंबर दिलेला. मोरा स्वतःचं नाव लावायला गेली, तेव्हापासून आईचं नाव दिसेना. नाव नाही तर गोळ्या नाहीत. म्हातारी तीनदा चालत जाऊन परत आली होती.

"मग मला का नाही कळवलंस?" केरुबोने आईला विचारलं.

"तुझं एवढं मोठं काम." आईच्या तोंडून शब्द घरंगळत येत होते. "पण त्या नर्सला मी चांगलं सुनावलं. म्हटलं, माझ्या केरुबोने केलं असतं ना, तर असला मूर्खपणा झाला नसता."

मोरानेही मान डोलावली.

केरुबोने आईच्या हनुवटीवरची लाळ पुसली. "हो, आई," ती म्हणाली.