साधनाबाईंचं तिकडे कोण होतं

“घर नका सांगू मॅडम, माणसं सांगा,” उजैर म्हणाला आणि त्यानं खुर्ची मागं ढकलली.

हिंगोलीत कराची कामं करणारे बरेच होते, पण परदेशातली पेन्शन म्हटल्यावर सगळ्यांनी साधनाबाईंना उजैरकडे पाठवलं होतं. आपलाही हा पहिलाच प्रसंग आहे, हे सांगून तो आधीच मोकळा झाला होता. साधनाबाई आयर्लंडमधल्या एका इस्पितळात वीसेक वर्षं नर्स होत्या. दोन-तीन वर्षांनी महिनाभर गावी यायच्या. गाव त्यांना लंडनवाल्या बाई म्हणायचं आणि त्यांनीही ते दुरुस्त करणं केव्हाच सोडलं होतं. गेल्या वर्षी त्या डोंगरकड्याला, आपल्या गावी, कायमच्या परतल्या. तिकडच्या सरकारनं पेन्शनीतून कर कापून घेतला आणि त्याच पेन्शनीवर इकडूनही नोटीस आली. दोन देश एका बाईला आमची, आमची म्हणत होते. एवढी ओढाताण त्यांच्यासाठी आयुष्यात कोणी केली नव्हती.

शेजारी त्यांची मुलगी कोमल बसली होती. ती गावातल्या शाळेत शिकवायची आणि नवऱ्यासह आईच्याच घरात राहायची. घरातलं एक माणूस सहीला आणा, असं उजैरनं सांगितलं होतं. म्हणून ती अर्धी रजा टाकून आली होती.

“बघा, तिकडची खोली वर्षभर तुमच्या नावावर, इकडं गावात घर. मंजे घर दोनीकडं बराबर झालं. मंग कायदा विचारतो, या बाईचं जवळचं माणूस कुठं? ते इकडं निघालं तर तिकडं कापलेला कर वापस मागता येतो. न्हाईतर दोघंबी घेणार.”

“इकडंच हाये की माणूस,” साधनाबाई म्हणाल्या.

“ते मुलीनं लिहून द्यायचं. आईचं सगळं इकडंच होतं, तिकडं कोणी नव्हतं.”

कोमलनं टाइप केलेला कागद वाचला आणि परत सरकवला. “हे मी कसं लिहून देऊ? मला काय माहीत तिकडं कोण होतं?”

उजैर उगाच पंख्याकडे बघत बसला. साधनाबाईंना वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. इस्पितळात परक्यांची माणसं डोळ्यांदेखत जाताना पाहून त्यांच्या आतलं काहीतरी केव्हाच बधिर झालं होतं, आणि ते बरंच झालं अशी त्यांची समजूत होती.

“गावात बोलायचे लोक,” कोमल म्हणाली. “हॉटेलात बाबाला विचारायचे, बाईनं तिकडं दुसरं घर केलं म्हणतात, व्हय का? बाबा तिथं हसायचा. घरी येऊन जेवायचा न्हाई.”

हे साधनाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांच्या नवऱ्याचा, शिवशंकरचा, फोन आला की हळदीचा भाव, स्लॅबचं सिमेंट, कोमलची फी, एवढंच बोलणं व्हायचं. तो गेला तेव्हा त्या दहाव्याला पोचल्या आणि तेरावा झाल्यावर परत गेल्या. गावाला तेवढं पुरेसं होतं.

“माफ करा मॅडम, तकलीफ देऊन राहिलो,” उजैर म्हणाला. “पण तिकडचा सायेबबी हेच विचारणार.”

“तुमी थांबा जरा,” कोमल त्याला म्हणाली आणि तिनं खुर्ची आईकडे फिरवली. तिला वाढवलं ते नर्मदाआत्यानं. आत्याशी ती कडाकडा भांडायची, आईशी मात्र पाहुण्यासारखं अदबीनं बोलायची. समोर बसून आईला काही विचारण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

“होतं का तिकडं कोणी?”

“न्हाई.”

“येवढ्या वर्षांत?”

“कोणीच न्हाई गं. ड्यूटी आन खोली. खालच्या मजल्यावरची म्हातारी नाताळात केक द्यायची. तिलाबी माझं नाव घेता येत नव्हतं.”

कोमल बराच वेळ आईच्या तोंडाकडे बघत राहिली. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघावं तशी. मग तिनं कागद ओढून सही केली. उजैरनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि काम बहुतेक होईल, असं तो दोनदा म्हणाला.

स्टँडवर नांदेड गाडी लागलेली होती. साधनाबाई खिडकीशी बसल्या, कोमल त्यांच्या शेजारी. गाडी हिंगोलीबाहेर पडली.

“मी मनाशी धरलंच होतं,” कोमल समोर बघत म्हणाली. “तिकडं एक माणूस असंल. एखादी पोरगी असंल, माझ्यायेवढी. तिच्यामुळं तुमी येत न्हाई. त्या पोरीचा लई राग यायचा मला.” तिनं आईकडे मान वळवली. “कोणीच नव्हतं, तर मंग तुमी आला काहून न्हाई?”

साधनाबाईंनी खरं ते सांगायचं ठरवलं. तेवढंच देण्यासारखं उरलं होतं.

“पयले तुझ्या शिक्षणासाठी राह्यले. मंग घराचा स्लॅब राह्यला व्हता. मंग...” त्यांना पुढचं सापडेना. “मंग सवय झाली.”

कोमलनं मान हलवली. पटलं म्हणून की कळलं म्हणून, ते साधनाबाईंना समजलं नाही. आपल्याला रडू येईल असं त्यांना वाटलं. तेही आलं नाही.

कंडक्टर आला. “कुठं?”

“दोन डोंगरकडा,” कोमल म्हणाली.

साधनाबाईंनी पर्स उघडली.

“राहू द्या,” म्हणत कोमलनं त्यांच्या बोटांवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पाचशेची नोट पुढं केली. कंडक्टरजवळ सुटे नव्हते. कुरकुरत तो पुढच्या सीटांवर सुटे मागत गेला. तोवर तो हात तिथंच होता. साधनाबाईंनी आपली बोटं हलवली नाहीत. कंडक्टर परत आला, त्यानं नोटा मोजल्या, आणि कोमलनं त्या घ्यायला दुसराच हात पुढं केला.