काय अडलं

“हा फोन बिगडला वाटते गा. जरा पाहून दे,” म्हणत ईश्वरदासांनी फोन दुर्गेशच्या हातात दिला आणि स्वतः अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांकडे वळले.

फोन कैलाशचा होता. कैलाश म्हणजे ईश्वरदासांचा एकुलता एक मुलगा आणि दुर्गेशचा शाळेपासूनचा मित्र. दुर्गेशने फोन उलटसुलट करून पाहिला. बॅटरी काठोकाठ भरलेली, रेंज होती, रिचार्जही संपलेला नव्हता. तरी खात्री करावी म्हणून त्याने आपल्या फोनवरून नंबर लावला. कैलाशचा फोन लगेच खणखणला. फुलं उलटी करणारे म्हाताऱ्याचे हात थांबले, मान झटकन वळली, आणि दुर्गेशच्या कानाला लागलेला फोन दिसल्यावर पुन्हा फुलांकडे गेली.

“वाजते तं,” ते म्हणाले. “मंग लोकाइचा काऊन येऊन नाही राहिला?”

याचं उत्तर दुर्गेशजवळ होतं. लोकांचे फोन येणं थांबायला तोच कारणीभूत होता, आणि ते त्याने चांगलं काम म्हणून, जीव ओतून केलं होतं. “पाहतो, काकाजी,” एवढंच पुटपुटून तो खाटेवर टेकला.

ईश्वरदास रेल्वेत फाटकवाले होते. सालेकशाच्या अलीकडच्या फाटकावर एकतीस वर्षं काढली माणसाने. फाटकाच्या खोलीत एक फोन असे. गाडी सोडायच्या आधी स्टेशनमास्तर फोन करणार, हे फाटक लावणार, आणि जवळच्या कागदावरचा पुढचा दोन आकडी प्रायव्हेट नंबर मास्तरांना सांगणार. तो नंबर दोन्हीकडे वहीत चढल्याशिवाय फाटक बंद झालं असं रेल्वे मानतच नाही. बाहेर ट्रॅक्टरवाले खुशाल हॉर्न बडवोत, शिव्या देवोत, ईश्वरदास आधी नंबर देणार, मग वहीत वेळ लिहिणार, मगच बाहेर डोकावणार. निवृत्तीच्या वर्षी रुळांखालून रस्ता काढला आणि फाटकच गेलं. माणसं येऊन फोनही काढून घेऊन गेली. एक कोरी वही तेवढी खोलीत राहिली होती, ती कोणी मागितली नाही, म्हणून ती त्यांच्याबरोबर घरी आली.

कैलाश आणि दुर्गेश तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात शेजारशेजारच्या टेबलांवर बसत. दुर्गेश आवक-जावकचा कारकून, कैलाश कॉम्प्युटर ऑपरेटर. कैलाशला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. महिन्यातून एकदा तरी सांधे असे धरत की त्याला खुर्चीतून हाताला धरून उठवावं लागे. आपल्यासारख्यांच्या गोळ्यांच्या, तपासणीच्या तारखा गावोगावच्या सिस्टर डोक्यात ठेवतात आणि कामाच्या धबडग्यात डोकंच आधी दगा देतं, हे त्याने स्वतःच्या अंगावर भोगलं होतं. म्हणून त्याने ‘यादी’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. उपकेंद्रांतले कॉम्प्युटर जुने, इंटरनेट असून नसल्यासारखं. त्यामुळे ‘यादी’त चित्रं नाहीत, बटणं नाहीत. नुसता काळा पडदा, त्यावर हुकूम टाइप करायचा. ‘यादी आज’ असं लिहिलं की आज कोणाच्या घरी जायचं त्यांची नावं समोर. बघता बघता सतरा उपकेंद्रांनी तो उचलला.

प्रोग्रॅम पक्का होता. सोबतची मदतीची पानं मात्र विचारू नका. कैलाश जसा बोलायचा तसाच लिहायचा. मध्येच गंमत, मध्येच आठवण, सांगायची गोष्ट शेवटी. ‘तारीख नेहमीसारखी लिहा’ असं लिहून हा मोकळा, आणि सतरा सिस्टरांची नेहमीची पद्धत सतरा तऱ्हेची. दुर्गेश साहेबांची पत्रं दुरुस्त करून करून हात बसलेला माणूस. त्याने कैलाशला दहादा टोकलं, वाक्यं तोडून लिही म्हटलं. कैलाश हसायचा. अडलं तर फोन करतीलच ना, हे त्याचं ठरलेलं उत्तर. आणि लोक करायचेही. अंगणातल्या याच खाटेवर पडून, गुडघे दुखत असताना, तो न कंटाळता सगळ्यांना समजावून सांगायचा. बाप दाराशी बसून ऐकत असे.

गेल्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, कैलाश गेला. छत्तीस वर्षांचा होता. त्याच्या टेबलावरचा चहाचा कप दुर्गेशने महिनाभर कोणाला उचलू दिला नाही. शिपायाने एकदा हात लावला तर त्याच्यावर उगाच खेकसला आणि मग जिन्यात जाऊन रडला.

फोन मात्र वाजतच राहिला. लांबच्या उपकेंद्रांत बातमी पोचली नव्हती, पोचली तरी दुसरा नंबर कोणाकडे नव्हता. ईश्वरदास उचलायचे. कैलाश सर आहेत का, असं पलीकडून आलं की, “तो नाही आता. मी त्याचा बाप. काय अडलं?” असं विचारायचे. मग ती रेल्वेची वही निघाली. वेळ, नाव, गाव, आणि शेवटचा रकाना: काय अडलं. कठीण असेल ते दुर्गेशला विचारून कळवत. एक उत्तर मात्र त्यांना तोंडपाठ होतं, कारण कैलाशच्या तोंडून ते शेकडोदा ऐकलं होतं. ‘यादी’त हुकूम बरोबर गेला की पडद्यावर काहीच उमटत नाही. चुकला तरच ओरड. नव्या माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलं. म्हातारा सांगे, “काही आलं नाही म्हणजे झालं. घाबरू नका. पण झालं म्हून मले परत एक फोन करजा.” तो दुसरा फोन आला की वहीत नोंदीपुढे बरोबरची खूण. फाटक लागलं.

दिवाळीनंतर मात्र नको ते घडलं. जंगलपट्ट्यातल्या एका उपकेंद्रातल्या निर्मलाबाई सिस्टरांनी नवीन वर्षाची यादी करावी म्हणून कैलाशची पानं उघडली. तिथे लिहिलं होतं की ‘यादी नवी’ असं टाइप करा, मग नावं घाला. आणि त्याखाली चार ओळी गप्पा झाल्यावर, अरे हो, जुनी नावं आधी दुसरीकडे उतरवून ठेवा, ती यात पुसली जातात. बाईंची एकेचाळीस नावं गेली. जुनी कार्डं जमवत त्या बारा दिवस दारोदार फिरल्या. त्यातली मंगली नावाची एक मुलगी राहून गेली, तिच्या गोळ्या चुकल्या आणि दुखणं एवढं उसळलं की तिला गोंदियाला न्यावं लागलं. पोर वाचली. मग कार्यालयात येऊन निर्मलाबाई दुर्गेशसमोर बसल्या. “मी वाचलं होतं जी सर,” त्या म्हणाल्या, “पण एंटर दाबल्यावर वाचलं.”

हे कळताच दुसऱ्या दिवशी ईश्वरदास वही काखेत मारून कार्यालयात हजर. मुलाच्या जागेकडे त्यांनी पाहिलं नाही. सरळ दुर्गेशच्या टेबलावर वही ठेवली.

“लाल झेंडी गाडी गेल्यावर दाखवून का फायदा? आधी धोका लिही, मंग हुकूम. एकशे बारा जण अडले याच्यात. कोण कुठं अडला ते लिहून ठेवलं आहे. तू सुदरवून टाक. माह्या पोराच्या कामानं कोणाचं लेकरू नाही मरलं पायजे.”

दुर्गेशने पुढचे दोन महिने त्या पानांना वाहून घेतले. समोर वही, बाजूला पानं. तारखेपाशी एकोणीस जण अडले होते, तिथे उदाहरण देऊन टाकलं. पुसणाऱ्या हुकमाची सूचना उचलून हुकमाच्या वर ठेवली. एका वाक्यात एकच काम. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असेल तिथे नेमकं काय ते पुन्हा लिहिलं. सगळ्यात जास्त, चौतीस नोंदी, एकाच गोष्टीच्या होत्या: हुकूम दिला, पण काहीच आलं नाही. आणि गंमत म्हणजे ही एवढी मोठी गोष्ट कैलाशच्या पानांत कुठेच नव्हती. ती तो फक्त फोनवर सांगायचा.

काम सोपं होतं, पण करवत नव्हतं. एके ठिकाणी कैलाशने लिहिलं होतं, ‘इथे यंत्र जरा वेळ घेतं, तोवर खिडकीतून पाहा, तुमच्याकडे पळस फुलला असेल तर मला कळवा.’ दुर्गेशने ते वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा परत आणलं. शेवटी ‘अर्धा मिनिट थांबावं’ असं लिहिलं. एवढ्या वर्षांत ज्याच्यामागे लागून एक वाक्य सुधारून घेता आलं नाही, त्याचं सगळं बोलणं आता तो बिनबोभाट पुसत होता आणि अडवायला कोणी नव्हतं. त्याला स्वतःची चीड यायची. तरी मंगलीची आठवण काढून तो पुढचं वाक्य घ्यायचा.

माघात नवी पानं पेनड्राइव्हमधून सतराही ठिकाणी गेली. निर्मलाबाईंनी मुद्दाम येऊन सांगितलं की आता कोणाला विचारावं लागत नाही. दुर्गेशला त्या दिवशी फार बरं वाटलं. कोणाला विचारावं लागत नाही म्हणजे कोणाचा फोन कमी झाला, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

ते आलं आज, या अंगणात.

ईश्वरदास हात झटकत खाटेवर येऊन बसले. त्यांच्या उशाशी वही होती, वहीत पेन खोचलेलं. शेवटची नोंद शिवरात्रीच्या आधीची. काहीतरी गोड खोटं सांगून वेळ मारून नेता आली असती, सिम जुनं झालं म्हणता आलं असतं. पण एकतीस वर्षं ज्याने फोनवर खोटा नंबर दिला नाही, त्याच्याशी खोटं कसं बोलावं?

“काकाजी, फोन चांगला आहे,” दुर्गेश म्हणाला. “लोकाइचं अडत नाही आता. नवीन पानं समजून राहिली त्याइले.”

म्हाताऱ्याने मान हलवली. दूर रुळांवरून एक मालगाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत ते तिकडेच पाहत होते.

“माह्या वहीनंच झालं म्हण मंग.”

“हो जी.”

“फाटक गेलं तईही असंच. लोकाइले बरं झालं. बरंच झालं.” मग म्हणाले, “वाचून दाखव बरं, का लिहिलं तं.”

पिशवीत छापील प्रत होती. दुर्गेश वाचू लागला. आपलीच वाक्यं त्याला कोरडी, परक्या घरच्यासारखी वाटत होती. ईश्वरदास डोळे मिटून, एकेक हुकूम मनात लावून पाहत असल्यासारखे ऐकत होते. तिसऱ्या पानावर तो आला: ‘हुकूम दिल्यावर पडद्यावर काही आलं नाही म्हणजे झालं. घाबरू नका.’

म्हाताऱ्याने हात वर केला.

“हे कैलाशचं आहे.”

“त्याचंच. फोनवर सांगे तेच घेतलं, तेवढं नाही बदललं.”

“काही आलं नाही म्हणजे झालं,” ईश्वरदास हळूच म्हणाले. “मीच सांगत होतो लोकाइले.” दुर्गेशने कागद खाटेवर टेकवले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळाने ईश्वरदासांनी गमछ्याने तोंड पुसलं आणि वही मांडीवर घेतली. मगाशी तू फोन लावला तेव्हा किती वाजले होते, असं विचारलं. दुर्गेशने फोनमध्ये पाहून सांगितलं, बारा वाजून वीस मिनिटं. त्यांनी त्या शेवटच्या नोंदीखाली वेळ लिहिली. नाव, दुर्गेश. गाव, सालेकसा. शेवटच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं, मग त्यांनी तिथे ‘काही नाही’ असं लिहून पुढे बरोबरची खूण केली.

वही मिटून ते उठले. कैलाशचा फोन गमछ्याने पुसला, खिडकीत चार्जिंगला लावला आणि त्याचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला.