रडणाऱ्या बाईंची खिडकी

"रडू नका मा," रामस्वामी म्हणाले, आणि खिशातला घडी घातलेला रुमाल त्यांनी काचेखालच्या फटीतून आत सरकवला. "ब्याण्णव वर्षांची होती माझी आई. सगळं पाहून झालं होतं तिचं. तुम्ही कशाला एवढं लावून घेता?"

विद्युलताने रुमाल घेतला. न घेऊन सांगते कुणाला? आई गेली होती त्यांची, कागद न्यायला आले होते ते, आणि समजूत काढली जात होती हिची. तिने रुमालाने डोळे टिपले, फॉर्मवरच्या सहीची जागा बोटाने दाखवली आणि म्हणाली, "इथे सही करा, सार." तोवर डोळे पुन्हा भरले. रामस्वामींनी सही केली, रुमाल परत घ्यायला साफ नकार दिला आणि जाताना मागच्या माणसाला सांगितलं, "बाईंना जास्त त्रास देऊ नका."

चेन्नईच्या अण्णा नगरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातली ही चार नंबरची खिडकी. हॉस्पिटलमध्ये कुणी दगावलं की त्यांचे कागद इथून मिळत. विद्युलता चार वर्षं इथे बसत होती, आणि चार वर्षं तिचे डोळे नऊ ते पाच वाहत होते. नाक लाल, दोन्ही गाल लाल. पाहणाऱ्याला वाटावं, बाई आत्ताच रडून उठल्यात आणि पुन्हा सुरू करण्याच्या बेतात आहेत.

सुरुवातीला तिने लोकांना सांगून पाहिलं, की हे रडणं नाही, डोळ्यांची तक्रार आहे. कुणाचाही विश्वास बसला नाही. एक आजी म्हणाल्या, "मोठ्या मनाची माणसं असंच सांगतात," आणि त्यांनी फटीतून हात घालून तिची बोटं कुरवाळली. त्यानंतर तिने नाद सोडला. हळूहळू हॉस्पिटलभर तिचं नाव पडलं 'अळुगिर अम्मा', म्हणजे रडणाऱ्या बाई. वरच्या मजल्यांवरच्या नर्सेस नातेवाइकांना सांगत, "खाली चार नंबरला जा. त्या अम्मा फार मायाळू आहेत."

यातली गंमत तिच्या नवऱ्यालाच ठाऊक होती. साताऱ्याच्या माहेरी विद्युलता 'कोरडी' म्हणून प्रसिद्ध. पाठवणीच्या वेळी अख्खा मांडव रडत असताना ही ट्रंकेच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते विचारत होती. नवरा हेरंब चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात फोरमन. तो चारचौघांत सांगायचा, "आमच्या हिला देवाने नळ दिलाय, पाणी सोडायचं तेवढं राहिलंय." विद्युलता हसण्यावारी न्यायची, पण ते कुठेतरी लागायचंच. म्हणून चेन्नईत पन्नाशीला येऊन मिळालेलं हे मायाळूपण तिला आवडलं होतं. खोटं का बोला, फार आवडलं होतं.

पण डोळे काही तिच्या प्रसिद्धीसाठी वाहत नव्हते. ते जळत, खुपत, पापण्यांखाली वाळू गेल्यासारखी कचकच होई. दुपारी तीननंतर अक्षरं पोहायला लागत, काचेपलीकडची माणसं म्हणजे नुसते रंगांचे फराटे. एके दिवशी एकाची फाइल तिने दुसऱ्याच्या हातात दिली. शेजारच्या खिडकीतल्या कनकाने झडप घालून ती परत घेतली म्हणून निभावलं.

विभागप्रमुख गुरुमूर्ती भला माणूस. त्याने तिला बोलावून सांगितलं, "मॅडम, डोळे दाखवून या. नाहीतर मला तुम्हाला मागच्या खोलीत स्कॅनिंगला बसवावं लागेल." मग जरा घुटमळून म्हणाला, "पण अगदी ठणठणीत बऱ्या होऊ नका हं. चार वर्षांत चार नंबरची एक तक्रार नाही."

अड्यारच्या डॉक्टर शरण्या वयाने लहान, नजरेने तीक्ष्ण. त्यांनी यंत्रातून डोळे पाहिले, मग खुर्ची मागे सरकवून नाक पाहिलं.

"गरम कॉफी प्यायल्यावर चेहरा पेटतो? उन्हात? तिखट रस्समनंतर?"

"तिन्हीनंतर. म्हणजे दिवसभरच."

"याला रोझेशिया म्हणतात. त्वचेचा आजार आहे, पण पापण्यांपर्यंत पोहोचतो. पापणीच्या काठाला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या तुमच्या तुंबल्यात. तेल नाही, म्हणून अश्रू टिकत नाहीत, लगेच वाळतात. थोडक्यात, तुमचे डोळे कोरडे आहेत."

हेरंब खुर्चीतच उसळला. "डॉक्टर, हे मी सत्तावीस वर्षं सांगतोय!"

"अहो, गप्प बसा," विद्युलता म्हणाली. "कोरडे असतील तर मग हे पाणी कसलं?"

"कोरडे आहेत म्हणूनच. डोळा चुरचुरला की शरीर घाबरून पाणी सोडतं. ते नुसतंच पाणी, उपयोगाचं नाही."

डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनची गोळी लिहून दिली, कमी ताकदीची, तीन महिने. अँटिबायोटिक खरी, पण इथे ती जंतू मारायला नव्हे, सूज शमवायला. सोबत रोज पापण्यांवर गरम पाण्याच्या कापडाचा शेक. उन्हात छत्री, गोळीवर ग्लासभर पाणी, गिळून लगेच आडवं व्हायचं नाही. बाकीचं सगळं छापील कागदावर होतं. "तो नीट वाचा," डॉक्टर म्हणाल्या. आणि दिवसातून पन्नास जणांना 'कागद नीट वाचून घ्या' असं बजावणाऱ्या बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला, तो टाकलाच.

कारण गोळी कशी घ्यायची, हे तिला आधीच माहीत होतं. अँटिबायोटिक उष्ण, ती ताकावर घ्यावी. या एका बाबतीत सातारा आणि चेन्नई यांचं पूर्ण एकमत. कनका तंजावरकडच्या मराठी घरातली, तिने तर डबा उघडतानाच फर्मान काढलं, "अक्का, फार हीट होते त्याने. दहीभात खाऊन वर मोठा ग्लास ताक पी. माझी पाट्टी, म्हणजे आजी, तेच सांगायची." म्हणून विद्युलता रोज दुपारी दहीभात खाई आणि ग्लासभर ताकाबरोबर गोळी घेई. हाडांसाठीची कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात. दोन कामं एकदम उरकल्याचं समाधान वेगळंच.

सहा आठवडे गेले. डोळे वाहतच राहिले, नाकही होतं तसंच. कॉफी कोमट झाली, रस्समला रामराम झाला, हेरंबने लोणच्याची बरणीसुद्धा लपवली, पण फरक शून्य.

"गोळी कशाबरोबर घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

विद्युलताने अभिमानाने सगळं सांगितलं. डॉक्टर शरण्यांनी पेन खाली ठेवलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. बऱ्याच वेळाने त्यांना बोलता आलं. "दही, ताक आणि वर कॅल्शियम! अहो आंटी, कॅल्शियम त्या गोळीला धरून ठेवतं, अंगात लागूच देत नाही. कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलंय."

"म्हणजे दीड महिना आपण ताकाला औषध पाजलं," हेरंब म्हणाला.

मग गोळी पुन्हा पहिल्यापासून, पाण्याबरोबर सुरू झाली, आणि तिच्या आगेमागे दोन-तीन तास ताक, दही, कॅल्शियम यांना बंदी. पंधरा दिवसांत वाळू कमी झाली. दोन महिन्यांत गालांची लाली उतरली. डॉक्टर म्हणाल्या, हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, जपून राहा. पण सध्या छान आहे. सुट्टीला आलेल्या ऊर्मीने आईला दारातच न्याहाळलं आणि म्हणाली, "आई, तुझं नाक इतकं सरळ आहे हे मला माहीतच नव्हतं!"

घरात आनंदीआनंद. खिडकीवर मात्र वेगळंच घडायला लागलं. "त्या रडणाऱ्या अम्मा कुठे गेल्या?" लोक विचारत. मीच ती म्हटलं, की संशयाने पाहत. एका बाईने कनकाला विचारलं, "या नवीन मॅडम जरा कडक आहेत का?" आणि एका सोमवारी गुरुमूर्तीने तक्रारपेटीतली चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. चार नंबरची पहिलीच तक्रार. 'खिडकीतल्या बाईंना काहीच वाटत नाही.'

"मनावर घेऊ नका, मॅडम," तो म्हणाला. "वाटलं तर काही दिवस मागच्या खोलीत बसा. तिथे शांत असतं."

विद्युलताने मनावर घेतलं. इतकी वर्षं लोकांना धीर दिला तो तिने नव्हे, तिच्या तुंबलेल्या ग्रंथींनी. आता आजार गेला आणि खालून तीच जुनी किल्ल्या विचारणारी मुलगी निघाली. माहेरचे बरोबर होते, हेरंब बरोबर होता. त्या दुपारी डब्याशी बसल्यावर तिच्या एका हातात गोळी होती आणि समोर कनकाच्या ताकाचा ग्लास. ती त्या ग्लासाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मग स्वतःचीच लाज वाटून तिने पाण्याची बाटली उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला गिरिधर खिडकीशी आले. साठीचे गृहस्थ, एकटेच. बायको पहाटे आयसीयूत वारली होती. मुलगा विमानात होता, दुपारपर्यंत पोहोचणार होता.

"वर सांगितलं, खाली एक रडणाऱ्या अम्मा आहेत," ते म्हणाले. "आज नाहीत का?"

"मीच ती."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि खाली घातली. त्यांना काय हवं होतं ते तिला समजत होतं, आणि ते तिच्याकडे नव्हतं. तिने फॉर्म काढला आणि सहीची जागा दाखवायला नजर वर केली.

चेहरा लख्ख दिसला. हनुवटीवरचे पांढरे खुंट दिसले. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. माणूस एका बाजूला कलून उभा होता, एक खांदा खाली. पाय दुखावला की काय, म्हणून तिने खुर्चीतून उठून काचेला कपाळ टेकवलं. उजव्या पायात जाड तळाची तपकिरी पुरुषी चप्पल होती. डाव्या पायात जांभळी, पातळ, बायकी, वर छोटासा बो. टाच मागे फरशीवर आलेली.

आयसीयूबाहेर चपला काढून ठेवाव्या लागतात. बायकोला आत नेलं तेव्हा दोघांच्या चपला त्यांनीच शेजारी शेजारी ठेवल्या असणार, आणि पहाटे बाहेर येऊन समोर आलं त्यात पाय सरकवले असणार. असे किती जण या खिडकीसमोर उभे राहून गेले असतील? चार वर्षं तिला पाण्याशिवाय काही दिसलंच नव्हतं. ते तिला रुमाल देत राहिले आणि ती घेत राहिली.

"बसा तिथे बाकावर. आले मी," असं म्हणून तिने खिडकी लावली.

"मॅडम, रांग आहे!" गुरुमूर्ती मागून ओरडला.

लिफ्टसाठी ती थांबली नाही. तिसऱ्या मजल्यावर, आयसीयूच्या दाराशी चपलांची ओळ होती. तिने एकेक पाहिली. एक तपकिरी, एक जांभळी. दोन्ही हातात घेऊन ती जिन्याने खाली आली. लोक बघत होते. कनका खिडकीतून उठून उभी राहिली.

तिने वाकून दोन्ही चपला गिरिधरांच्या पायांशी ठेवल्या.

त्यांनी आधी त्या चपलांकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. "चार तास चालतोय मी," ते म्हणाले. "माझ्या लक्षात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही." मग एकदम ओशाळून, "अम्मा, तुम्ही चपला हातात घेऊन..."

"त्यात काय झालं? तुम्ही सावकाश घाला. कागद मी इथेच आणते."

तिने फॉर्म बाकावर आणला, त्यांच्या मांडीवर वही ठेवून सह्या घेतल्या. नाव दोनदा वाचून दाखवलं. रांगेतलं कुणीही कुरकुरलं नाही.

गिरिधरांनी जांभळी चप्पल काढली, आपली घातली. मग जांभळ्या दोन्ही जवळ ओढून, घरी दाराशी लावतात तशा त्यांनी सरळ लावल्या, बो बाहेरच्या बाजूला. विद्युलताने कागद घातलेला मोठा पिवळा लिफाफा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला, आतले कागद काढले, चार घड्या करून शर्टाच्या खिशात कोंबले. रिकाम्या लिफाफ्यात दोन्ही चपला नीट, एकीवर एक ठेवल्या आणि तोंड दुमडून घेतलं.

लिफाफा दोन्ही हातांनी छातीशी धरून ते दाराबाहेर गेले.